परिणामाचा रकाना

त्या डॉक्टरांबद्दल कोणी विचारलं की "ओझरती ओळख होती" एवढं म्हणून मी विषय बदलत आलो आहे. ही सवय पन्नास वर्षांची. गेल्या महिन्यात भाचीच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी त्या डॉक्टरांच्या गावचाच एक शिकलेला तरुण बसला होता. तो पलीकडच्याला सांगत होता, "आमच्या आजोबांच्या वेळेला गावात एक डॉक्टर होता. आधी कच्चाच होता म्हणे. सरकारनं तपासणी करून कान उपटले, तेव्हा सुधारला." माझ्या हातात जिलबी होती. मी ती मुकाट्यानं खाल्ली. घरी आल्यावर दोन दिवस त्याचं बोलणंच आठवत राहिलं. शेवटी वही काढली.

डॉक्टर कधीही कच्चे नव्हते. त्यांना कच्चा ठरवणारा कागद मी केला होता. पुढे ते सुधारले असं म्हणणारा कागदही माझाच. दोन्ही खोटे होते.

पुणतांब्याच्या स्टेशनावर उतरून टांग्यानं तासाभरावर गोदावरीकाठी त्यांचं गाव. गाव त्यांना 'सांगून जा डॉक्टर' म्हणायचं. औषधाची बाटली हातात देताना ते प्रत्येकाला एकच वाक्य म्हणत, "बरं वाटलं तरी येऊन सांगून जा." त्या काळी बरं वाटल्यावर दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे खुळेपणा. लोक आपापसांत म्हणत, "मेलं तरी सांगून जा म्हनंल हा बाबा." डॉक्टरांच्या कानावर ते गेलं होतं. ते म्हणाले, "आलात तर फारच उपकार होतील. शेवटी काय झालं, नेमकं तेच मला कळत नाही."

जे सांगायला येत नसत त्यांना डॉक्टर आठवडे बाजारात गाठत. डोक्याला हॅट, हातात रिकामी पिशवी आणि कोटाच्या खिशात नावांची चिठ्ठी. पिशवी बहुतेक वेळा रिकामीच परत जाई, चिठ्ठी मात्र भरलेली असे. एकदा मिरच्या तोलत बसलेल्या धोंडीबाला त्यांनी भर बाजारात विचारलं, "काय रे, पोटाचं काय झालं?"

"डॉक्टर, गिऱ्हाईक हाय म्होरं. घरी ईन की सांगाया."

"तू येणार नाहीस, म्हणून इथं विचारतो. झालं का?"

"झालं."

"किती वेळा?"

धोंडीबानं तागडी खाली ठेवली. "दोन येळा. आता समद्या बाजाराला कळलं, दवंडी तेवढी ऱ्हायली."

बाजार हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी धोंडीबाच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण केली आणि कांद्यांच्या ढिगाकडे वळले, कारण तिथे एका खोकल्याचं उत्तर यायचं होतं.

हा किस्सा मला त्यांचे कंपाउंडर बशीरभाई यांनी सांगितला. बशीरभाई गावातल्याच बागवानांच्या घरातले. बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवावी तर त्यांनी. कात्रीनं कापलेला एकही दात इकडचा तिकडे व्हायचा नाही. डॉक्टरांवर त्यांचा जीव होता, पण एका गोष्टीबद्दल ते कायम कुरकुरत. म्हणत, "साहेब, ती लाल शाईची दौत हाय ना, ती एकदा माझ्या हातून फुटनार हाय. चुकून."

लाल शाईचं कारण सांगण्याआधी मी तिथे कसा गेलो ते सांगायला हवं. लढाईची वर्षं होती. मी नगरला आरोग्याच्या कचेरीत नवाच कारकून लागलो होतो. वय तेवीस, अक्षर चांगलं, बेरीज पक्की. सरकारची एक योजना होती. खेड्यात जाऊन बसायला तयार असलेल्या खाजगी डॉक्टरला वर्षाची थोडी मदत आणि औषधांचा वाटा मिळे. त्यानं गरिबांना फुकट तपासायचं. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, ते तपासणीवर ठरे. लढाईमुळे हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं, आणि कालव्यांच्या त्या मुलखात घरटी एक माणूस हिवतापानं हुडहुडत पडलेला. तेव्हा कोणत्या दवाखान्याला किती कोयनेल, हा कागदावरचा प्रश्न राहिला नव्हता.

तपासणीला साहेबांनी जायचं, मी त्यांच्या मागे दप्तर घेऊन. पण त्या खेपेला साहेबांना ऊन बाधलं आणि ते बंगल्यावर पडून राहिले. मला म्हणाले, "तू जा. रजिस्टरं बघ, तक्ता कर. सही मी करतो." मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

रजिस्टराला छापील रकाने असत. नाव, वय, रोग, औषध आणि शेवटचा 'परिणाम'. आमच्या जिल्ह्यात या शेवटच्या रकान्याची एक रीत पडून गेली होती. जो रोगी परत आला नाही, तो बरा. संध्याकाळी दवाखाना बंद करताना डॉक्टर किंवा कंपाउंडर वरपासून खालपर्यंत 'बरा, बरा, बरा' ओढून टाकी. हे सगळ्यांना माहीत होतं. कचेरीलाही माहीत होतं. सगळीकडे तेच, म्हणून त्यात खोटं काही आहे असं कोणाला वाटत नसे.

सांगून जा डॉक्टरांचा रकाना मात्र तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांनी भरलेला होता. 'बरा.' 'तसाच.' 'औषध ओतून टाकलं, आपोआप बरा.' 'घरी जाऊन पाहिलं, अशक्त आहे.' 'कळलं नाही.' आणि मधूनच लाल शाईत, 'माझं चुकलं.' त्यापुढे काय चुकलं, तेही.

मी विचारलं, "डॉक्टर, हे 'कळलं नाही' कशाला? 'बरा' लिहायला काय हरकत आहे?"

"तो बरा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मलाही नाही. मग आपल्या दोघांपैकी लिहायचं कोणी?"

मला ते उत्तर उर्मट वाटलं. बशीरभाईंनी चहा आणला. तो देताना ते हळूच म्हणाले, "साहेब, लाल शाईकडं लई बघू नगा. त्यांना सवय हाय ती. पोर दगावलं तर तिसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन बसत्यात, शेवटी काय काय झालं म्हनून इचारत्यात. एका म्हातारीनं तोंडावर सुनावलं, जीव वाचवता आला न्हाई, आता इचारायला कशाला आलास? तर म्हनाले, पुढच्याच्या वेळेला कळावं म्हनून. आन् बसून ऱ्हायले. शेवटी म्हातारीनंच पानी दिलं."

हे मी ऐकलं. चहा प्यालो. आणि नगरला जाऊन तक्ता केला. नदीपलीकडच्या मोठ्या गावात अशाच मदतीचा दुसरा दवाखाना होता. तिथलं रजिस्टर एका अक्षरातलं, एका शाईतलं, स्वच्छ; शंभरातले जवळजवळ शंभर बरे. सांगून जा डॉक्टरांचे निम्म्याहून थोडे अधिक. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. पलीकडच्यांना 'नोंदी आदर्श' असा शेरा दिला. इकडे लिहिलं, 'रोगी बरे होण्याचे प्रमाण असमाधानकारक. डॉक्टर स्वतःच आपल्या चुका मान्य करतात.' आणि पुरावा म्हणून लाल शाईतल्या पाच ओळी जशाच्या तशा उतरवल्या. साहेबांनी तक्ता पाहून माझी पाठ थोपटली. "याला म्हणतात तपासणी," ते म्हणाले.

तीन महिन्यांत हुकूम निघाला. सांगून जा डॉक्टरांची मदत बंद झाली आणि त्यांचं कोयनेल नदीपलीकडे गेलं. हुकुमासोबत माझ्या तक्त्याची नक्कलही त्यांना गेली. दवाखाना त्यांनी बंद केला नाही. पण बशीरभाईंना ठेवणं जमेना. ते साखर कारखान्यात कामाला लागले. डॉक्टर स्वतःच औषधं घोटू लागले, स्वतःच पट्ट्या कापू लागले. त्या वाकड्या असत. शिल्लक कोयनेल त्यांनी फक्त मुलांसाठी ठेवलं. मोठी माणसं उतारातून नदी ओलांडून पलीकडे जाऊ लागली. हे मला सगळं नंतर कळलं. तेव्हा मी माझ्या तक्त्यावर खूश होतो.

माझी थोरली बहीण आक्का पलीकडच्याच अंगाला, नदीपासून कोसभर आत दिली होती. तिची मुलगी कुसुम सहा वर्षांची. चैत्रात तिला ताप भरल्याचं मेहुण्यांचं पत्र आलं. मी उलट टपाली लिहिलं, 'आपल्याच बाजूच्या दवाखान्यात न्या. आमच्या कागदात त्याचा पहिला नंबर आहे.' हे वाक्य लिहिताना मला कोण अभिमान वाटला होता.

तापाच्या बाराव्या दिवशी तार आली. मी रजा टाकून गेलो. पोहोचलो तर अंगणात बैलगाडी जुंपलेली, आत गोधडीवर कुसुम. डोळे अर्धे उघडे, ओठांवर काळी खपली. आक्का गाडीत चढत होती.

"कुठे निघालीस?"

"नदीपल्याड. सांगून जा डॉक्टरकडं."

"अगं, पण तो..."

"दत्तू," आक्का म्हणाली, "तुझ्या पहिल्या नंबरवाल्यानं माझ्या लेकीला आठ दिवस कोयनेल पाजलं आन् दोनदा जुलाब दिला. पोटाला हात लावला न्हाई त्यानं. चढायचं तर गाडीत चढ. तुझा कागद हितंच ठेव."

मी चढलो. नदीच्या उतारात पाणी गुडघ्याएवढं होतं. गाडी हेलकावली की कुसुम कण्हायची. मला तिच्या आजाराइतकीच दुसऱ्याही गोष्टीची धास्ती वाटत होती. डॉक्टर मला ओळखतील.

त्यांनी ओळखलं. पायरीवरच म्हणाले, "या रावसाहेब." तेवढंच. मग कुसुमची जीभ पाहिली, पोट हलक्या बोटांनी चाचपलं, पाठीवरचा एक डाग उजेडाकडे करून न्याहाळला. आक्काला विचारलं, "जुलाब दिला होता का?"

"दिला. दोन वेळा."

डॉक्टरांनी हात पुसले. उठून आत गेले आणि जुनं रजिस्टर घेऊन आले. पानं उलटताना त्यांना शोधावं लागलं नाही. बोट ठेवून ते माझ्यासमोर धरलं. लाल ओळ होती. 'हिवताप समजलो. मुदतीचा ताप होता. जुलाब दिला. आतडं फुटलं. पाचव्या दिवशी गेला. माझं चुकलं.'

ती ओळ माझ्या ओळखीची होती. माझ्या पाच उताऱ्यांतली ती पहिली.

"ही चूक माझी एकदा करून झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा करणार नाही. हिचं आतडं अजून शाबूत आहे असं वाटतं. मुलगी इथेच राहील."

कुसुम त्यांच्या पडवीत दहा दिवस होती. मुदतीच्या तापावर, म्हणजे टायफॉइडवर, त्या वेळी औषध असं नव्हतंच. होती ती नुसती राखण. उकळून गार केलेलं पाणी, ताकाची निवळी, पेजेचं वरचं पाणी, अंगावर ओल्या फडक्याच्या घड्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि तीही डॉक्टर दाखवतील तशीच. पोटात घट्ट काही जायचं नाही. कुसुम भाकरी मागून रडायची. एकदा आक्कानं पदराआड चतकोर लपवलेला डॉक्टरांनी पाहिला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आक्का, मी जुलाब दिलेल्या त्या पोराच्या आईनंही मायेनंच दिली असती, पण घट्ट घासानंही आतडं फुटतं. द्या ती भाकरी इकडे, मला भूक लागली आहे." आणि तिथेच उभ्यानं त्यांनी ती खाल्ली.

त्या दहा दिवसांत मी दवाखाना पाहिला. तपासणीच्या दिवशी मी फक्त रजिस्टर पाहिलं होतं. रोगी बोलताना डॉक्टर त्याला मध्येच तोडत नसत. तापमापकाची काडी रोग्याच्या तोंडात ठेवण्याआधी ती स्वतः धूत. एखाद्याला "हे मला समजत नाही, नगरला जा" असं सरळ सांगत आणि पुढच्या बाजारी त्याच्या घरच्यांना विचारत, "नगरवाले काय म्हणाले?" त्यांनी काय सांगितलं तेही रकान्यात चढे. पंधरा वर्षांची त्यांची विद्या त्या शेवटच्या रकान्यात साठली होती, आणि मी तिची टक्केवारी काढली होती.

तापाच्या बाविसाव्या दिवशी सकाळी आक्कानं कुसुमच्या कपाळाला हात लावला आणि तिला वाटलं, पोर गेली. इतकं कपाळ गार. तिनं मला गदागदा हलवून जागं केलं. तेवढ्यात कुसुम डोळे न उघडता म्हणाली, "आये, मामा लई घोरतो." आक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत हसत रडू लागली. मी बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसलो. आयुष्यात पुढे बढत्या मिळाल्या, घर झालं, नातवंडं झाली; पण त्या सकाळच्या इतका सुटल्यासारखा श्वास मी पुन्हा कधी घेतला नाही.

डॉक्टरांनी तपासलं, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'ताप उतरला. भाकरी मागते. दिली नाही.' शाई काळी होती.

तो क्षण बोलण्याचा होता. मी तोंड उघडलं, "डॉक्टर, तो तक्ता..."

"तुमची बेरीज मी तपासून पाहिली," ते टीपकागद दाबत म्हणाले. "एकही आकडा चुकलेला नव्हता." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला पुढचं वाक्य सुचलं असतं.

नगरला परतल्यावर मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, नदीकाठच्या त्या दवाखान्याला मदत पुन्हा सुरू व्हायला हवी. साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "का? पहिला शेरा चुकला होता, असं म्हणायचं आहे? मग तक्ता कोणी केला होता?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. आणि मग मला ती पळवाट सुचली. म्हणालो, "पहिला शेरा बरोबरच होता, साहेब. त्यानंतर डॉक्टरांनी सुधारणा केली आहे."

साहेबांचा चष्मा खाली आला. "हे छान आहे. म्हणजे आपल्या तपासणीचा उपयोग झाला. लिही."

मी लिहिलं, 'पूर्वीच्या शेऱ्यानंतर दवाखान्याच्या कामात समाधानकारक सुधारणा दिसून येते.' पावसाळ्याच्या आत मदत सुरू झाली. कोयनेल परत आलं आणि त्या साली ऐन हिवतापाच्या दिवसांत गावाला पुरलं. बशीरभाई कारखाना सोडून आले. आल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या वाकड्या पट्ट्या सगळ्या बाटल्यांवरून खरवडून काढल्या. एवढं नीट झालं, याचा मला आजही आनंद आहे. तो मी लपवत नाही.

पण कागदावर काय राहिलं? डॉक्टर आधी वाईट होते आणि माझ्या तपासणीनं चांगले झाले. बशीरभाई परतले त्या दिवशी डॉक्टरांनी नवा हुकूम त्यांच्यापुढे धरून म्हटलं होतं, "बशीर, बातमी आहे. आपण सुधारलो." बशीरभाईंनी हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. त्यांना वाटलं, मी डॉक्टरांच्या विनोदाला हसतो आहे.

गावानं हुकूम ऐकला तो तसाच धरला. 'सरकारनं सुधारला' हे डॉक्टरांच्या नावाला चिकटलं आणि डॉक्टरांनी ते कधी पुसलं नाही. नदीपलीकडच्या दवाखान्याचा 'आदर्श' शेराही तसाच राहिला.

मी पुढे त्यांना तीन-चार वेळा भेटलो. प्रत्येक वेळी पुणतांब्यापर्यंत गाडीत वाक्यं जुळवत जाई. शेवटची भेट कुसुमच्या लग्नाच्या वर्षीची. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. बाकावर रोगी बसले होते, तरी त्यांनी मला आधी बोलावलं.

मी म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं होतं."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर घेतले आणि रोग्याचं ऐकतात तसे माझ्याकडे पाहत थांबले. "सांगा."

बाहेर कोणीतरी खोकलं. मी म्हणालो, "कुसुमचं लग्न ठरलं. तब्येत उत्तम आहे."

ते क्षणभर आणखी थांबले. मग उठून कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं, कुसुमच्या ओळीपुढे उरलेल्या बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'लग्न ठरलं. उत्तम.' आणि म्हणाले, "बरं केलंत. असं येऊन सांगून जात जा."

दोन वर्षांनी ते गेले. मी तेव्हा खानदेशात बदलीवर होतो. मला पत्रानं कळलं, तेही महिन्याभरानं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसणारं कोणी होतं की नाही, मला माहीत नाही.

कुसुम आता आजी झाली आहे. ती जिलबी तिच्याच घरच्या पंगतीत वाढली होती. ती ही वही वाचेल, आणि त्या शेजारच्या तरुणालाही मी वाचायला देणार आहे. राहता राहिले डॉक्टर. त्यांना वाचून दाखवता येणार नाही. गाडीत जुळवलेलं आणि दर वेळी परत घेऊन आलेलं ते वाक्य तेवढं इथे लिहितो.

डॉक्टर, मी तपासायला आलो आणि तुम्हाला न बघता गेलो. तुम्ही सुधारला नव्हता. तुम्ही होता तसेच होता. माझं चुकलं.